भास्कररावांचं बेट

बुधवारी भास्करराव वारले. गुरुवारी घाटंजीच्या आमच्या वाचनालयात पेपराची घडी अकरा वाजेपर्यंत कोणी मोडली नाही.

एरवी ती आठलाच मोडायची. परदेशातल्या बड्या बँकेनं कुठल्याशा गरीब देशाला कर्ज दिल्याची बातमी ते शोधून काढत आणि मला, म्हणजे ग्रंथपालाला, विचारत, "जवाई कोन?" लग्नात जावई रुसला की पंगत खोळंबते, तसंच जगाचं, हे त्यांचं अर्थशास्त्र. त्या बँकेत ज्या देशाचा शब्द चालतो, तो जावई. त्याला आपलं बंदर वापरू द्या, जगाच्या सभेत त्याच्या बाजूनं हात वर करा, की कर्जाचं पान वाढलंच. भास्करराव सहकारी बँकेत कर्ज-निरीक्षक होते. व्याजाच्या आधी त्यांना रुसवे कळत.

समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटाचा त्यांना भारी लळा. पाणी-योजनेसाठी त्या बेटाचा अर्ज कित्येक वर्षं पडून होता. "आपली पोरगी गरीब हाय, पन वाकत नाही," असं कौतुकानं सांगत. तिच्यासाठी बड्या बँकेला पत्रं लिहीत. इंग्रजी माझ्याकडून करून घेत. शेवटी 'चूकभूल द्यावी घ्यावी' हवंच, हा हट्ट. त्याचं इंग्रजी मला अजून जमलेलं नाही.

या उन्हाळ्यात ते कर्ज मंजूर झालं. भास्कररावांनी पेढे आणले. बातमीच्या खालच्या ओळी मी वाचल्या: बेटानं महिन्यापूर्वीच जगाच्या सभेतलं आपलं मत जावयाच्या बाजूनं फिरवलं होतं. मला राहवलं नाही. म्हटलं, "भास्करराव, पोरगी वाकली की."

"वाकू दे ना बाप्पा. पानी तं येऊन राह्यलं."

मग त्यांनी फुलसावंगीकडच्या एका गावाचं सांगितलं. त्या गावानंही पाणी-योजनेसाठी कर्ज मागितलं होतं. विहीर भास्कररावांनी स्वतः दोर सोडून मोजली. पाणी भरपूर होतं. पण निवडणुकीत गाव बँकेच्या अध्यक्षांच्या विरोधात गेलेलं. वरून निरोप आला आणि यांनी अर्जावर लिहिलं, 'विहिरीस पाणी अपुरे.'

"इहीर मोजली त्या दिवशी त्याइनं मले जेवू घातलं होतं," ते म्हणाले. "पुरनपोळी केलती."

पुन्हा कधी गेलात का, असं मी विचारलं. त्यांनी पेढ्यांचा पुडा माझ्याकडे सरकवला आणि चष्मा पुसत बसले.

तेरवी झाल्यावर मी त्या गावी जाऊन आलो. भास्करराव तिथं कुणालाच आठवत नाहीत. योजना झालेली नाही. विहिरीला पाणी आहे.