खुर्चीत अडकलेला अंतिम सामना

निवृत्तीनंतर देशातली पाच नामांकित स्टेडियम पाहायची, हे तपासनीसकाका आणि काकूंचे एका बैठकीत ठरले. चाळीस वर्षांच्या संसारात ज्यांचे पडद्यांच्या रंगावरूनही कधी एकमत झाले नव्हते, त्यांचे एवढ्या मोठ्या प्रवासावर झाले याचे शेजाऱ्यांना नवल वाटले. खरे तर एकमत झालेच नव्हते. काकूंना मैदाने पाहायची होती आणि काकांना खुर्च्या.

काका प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षे तपासनीस होते. खुर्चीला तडा नाही ना, कड बोचत नाही ना, आणि मुख्य म्हणजे बैठकीच्या मधोमध पावसाचे पाणी वाहून जायला ठेवलेले भोक मापात आहे ना, हे पाहून त्यांनी शिक्का मारल्याशिवाय एकही खुर्ची कारखान्याबाहेर पडत नसे. फुटबॉलचा सामना मात्र त्यांनी जन्मात कधी पुरता पाहिला नव्हता. काकूंचे नेमके उलटे. त्यांनी शिवणाच्या मशीनवर बसून आधी रेडिओवर सामने ऐकले, मग टीव्हीवर पाहिले. चुकलेल्या बाहीपेक्षा चुकलेली पेनल्टी त्यांच्या जिवाला जास्त लागे.

पहिले स्टेडियम समुद्राकाठी होते. तिथे वाऱ्याने चेंडू हवेत वळतो म्हणतात, म्हणून काकू अर्धा तास पदर सावरत वारा घेत उभ्या राहिल्या. काकांनी खाऱ्या हवेने निळा रंग किती उडाला ते वहीत टिपून घेतले. दुसरे डोंगर पोखरून केलेले. काकूंचे डोळे भरून आले. पण तिथे लोक दगडी पायऱ्यांवर बसत असल्यामुळे काका बाहेर चहा पीत बसले.

तिसरे स्टेडियम सगळ्यांत मोठे, साठ हजार खुर्च्यांचे. ते तिथे पोहोचले त्याच दिवशी दुपारी तीनला अंतिम सामना होता आणि तिकिटे महिन्याभरापूर्वीच संपली होती. काकूंनी तीन खिडक्यांवर चौकशी केली, तिन्हीकडे माना हलल्या. सकाळी फेरफटका मारायला तेवढे आत सोडत होते. निदान गवत तरी बघू, असे म्हणून काकू आत गेल्या.

फेरफटका घडवणारा गार्ड चांगला सहा फूट उंच, पण आवाजाने अगदी मऊ होता. त्याने आठ-दहा पाहुण्यांना खेळाडूंची खोली दाखवली, बोगदा दाखवला आणि मग पूर्वेच्या सज्जात आणून बसवले. काकू गवताकडे पाहत राहिल्या. काका ओळीच्या टोकाच्या खुर्चीकडे पाहत राहिले. खुर्ची त्यांच्याच कारखान्याची होती. शेजारच्या पाहुण्याने सहज विचारले, की हे भोक कशाला ठेवतात? काकांना आयुष्यात हा प्रश्न आपणहून कोणी विचारला नव्हता. त्यांनी पाण्याचे सांगितले, मापाचे सांगितले, आणि या भोकात माणसाचे बोट अडकणे शक्यच नाही, हे पटवून देण्यासाठी आपले मधले बोट त्यात घातले.

बोट आत गेले. बाहेर आले नाही.

काकांनी आधी हसत ओढले, मग न हसता ओढले. गार्डने ओढून पाहिले. शेजारच्या पाहुण्याने, आपल्या प्रश्नामुळेच हे झाले म्हणून, सर्वांत जास्त ओढले. तेवढ्याने बोट सुजले आणि यायची शक्यता होती तीही गेली.

"माप बरोबर आहे," काका कळवळून म्हणाले. "मी स्वतः तपासलंय."

"माप बरोबरच आहे," काकू म्हणाल्या. "निवृत्त झाल्यापासून बोट बदललंय."

गार्डने फिटरला बोलावले. फिटर पाने, हातोडी आणि करवत घेऊन आला. करवत पाहून काकांना घाम फुटला, पण ती खुर्चीसाठी होती. खुर्चीचे चारही बोल्ट गंजले होते. त्याने बोल्टांवर आणि काकांच्या बोटावरही तेल सोडले, ते मुरायची वाट पाहिली, आणि पहिला बोल्ट हलायला लागतो न लागतो तोच भोंगा वाजला. एक वाजला होता, दरवाजे उघडले होते. दरवाजे उघडल्यावर सज्जात हत्यारे ठेवायची नाहीत असा कडक नियम होता. सामना संपल्यावर येतो म्हणून फिटर पाने गोळा करून निघून गेला.

गार्डने साहेबांना फोन लावला. साहेबांनी आधी नेमके काय अडकले आहे ते तीनदा विचारून घेतले, मग हुकूम दिला, की त्या गृहस्थाला एकटे सोडायचे नाही, गार्डने तिथेच बसायचे, आणि बोट सुटल्याक्षणी विनातिकीट माणसांना बाहेर काढायचे.

इतक्यात त्या टोकाच्या तीन खुर्च्यांचे मालक आले. तिघे सख्खे भाऊ. थोरल्याच्या खुर्चीत काकांचे बोट होते, मधल्याच्या खुर्चीत काका होते आणि धाकट्याच्या खुर्चीत काकू. थोरल्याने तिकीट दाखवले. काकांनी बोट दाखवले. कागदापेक्षा पुरावा भक्कम होता. थोरल्याला पाहुण्यांच्या गादीवाल्या कक्षात जागा देऊ, असे साहेबांनी कळवले, तर तो भावांना सोडून जायला तयार होईना. शेवटी तिघेही गाद्यांवर गेले. ही बातमी मागच्या ओळीत पोहोचताच तिथल्या एका गृहस्थाने आपलेही बोट अडकल्याचे सांगितले. गार्डने नुसते वळून पाहताच ते सुटले.

तीन वाजता सामना सुरू झाला. साठ हजार लोकांचा आवाज छातीत घुमू लागला. बोट ओढायला कोणाला सवड नव्हती. काकांना दुसरे काहीच करता येण्यासारखे नसल्यामुळे त्यांनी नाइलाजाने मैदानाकडे पाहिले. काकू त्यांना सांगत गेल्या, की तो हिरवा सदरा डाव्या पायाचा आहे, आणि तो उंच पोरगा मुद्दाम मागे राहतोय, बघा आता कसा निसटेल. तो खरेच निसटला. काका पुढे सरकले. आणि कोणी न ओढता, सूज उतरलेले, तेलाने माखलेले बोट अलगद बाहेर आले.

काकांनी ते काकूंच्या नाकासमोर धरले. "अगं, सुटलं."

काकूंनी मैदानावरची नजर हलवली नाही. "परत घाला."

"अगं, पण..."

"आता अकरावं मिनिट चाललंय. परत घाला म्हणते ना."

एकतीस वर्षे इमानाने शिक्के मारलेल्या माणसाने इकडे तिकडे पाहिले आणि भोकात हळूच करंगळी घातली. पायरीवर बसलेल्या गार्डने मध्यंतराला विचारले, "काका, दुखतंय का?" काकांनी दुखत असल्याचे सांगितले. खोटे बोलताना त्यांनी तोंडही वाकडे केले, ते गार्डला वेदनेनेच वाटले असावे. त्याने स्वतःच्या बाटलीतले पाणी दिले. मागच्या गृहस्थाने भुईमुगाच्या शेंगा दिल्या आणि एका हाताने कशा सोलणार म्हणून सोलूनही दिल्या. काकांना इतकी शरम वाटली, की शेंगा त्यांनी निम्म्याच खाल्ल्या.

उत्तरार्धात शरमेला वेळच उरला नाही. सामना बरोबरीत होता. काका पंचांना नावे ठेवू लागले, उंच पोराला एकेरी हाका मारू लागले, काकूंना "हा ऑफसाइड कसा?" असे विचारून काकूंचे उत्तर यायच्या आत स्वतःच रागावू लागले. शेवटचे मिनिट. चेंडू डावीकडून आला, उंच पोरगा उडाला, त्याचे डोके लागले आणि जाळे हलले.

काका दोन्ही हात वर करून उभे होते. दहाही बोटे सुटी.

हात खाली घ्यायला उशीर झाला होता. मागच्या गृहस्थाने ती बोटे पाहिली आणि तो ओरडला, "सुटलं, काकांचं बोट सुटलं." सगळ्या ओळीने टाळ्या पिटल्या. चार ओळींपलीकडचे लोक गोल विसरून बोट बघायला आले. गोलाच्या धक्क्याने बोट निघाले, असे जो तो दुसऱ्याला सांगू लागला. कोणीतरी काकांना उचलले. गार्डने खिशातून कागद काढून सुटकेची वेळ लिहिली, शेवटचे मिनिट, आणि त्याखाली काकांची सही घेतली.

गर्दी पांगल्यावर तो दोघांना दरवाजापर्यंत सोडायला आला. काकांना आता राहवेना. त्यांनी सगळे कबूल करून टाकले, अकराव्या मिनिटापासूनचे.

"ठाऊक आहे," गार्ड मऊ आवाजात म्हणाला. "मी बघितलं ना तेव्हाच."

काकूंनी पदर तोंडाला लावला. काकांनी विचारले, "मग आम्हाला बाहेर का नाही काढलंत?"

गार्डने मागे वळून रिकाम्या मैदानाकडे एकदा पाहून घेतले. "नऊ वर्षं इथे नोकरी करतोय, काका. सामन्याला आम्ही गर्दीकडे तोंड करून उभं राहायचं आणि मैदानाकडे पाठ. ड्यूटीच ती. नऊ वर्षांत लोकांची तोंडं पाहून गोल ओळखलेत." मग त्याने काकांचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि विचारले, "पुढच्या वर्षीच्या अंतिम सामन्याला याल ना?"