पुंजाराम हवालदाराची लिंबं

पुंजाराम हवालदारानं बायकांचा फुटबॉलचा संघ काढला, याचं तिसगावला फारसं नवल वाटलं नाही. त्यातली सगळ्यांत तयार खेळाडू त्याचीच सून निघाली, याचं मात्र वाटलं. आणि खुद्द पुंजारामाची तर पंचाईतच झाली. विजयमाला लग्न होऊन घरात आली त्याला तीन वर्षं झाली होती, अन् या तीन वर्षांत सासऱ्या-सुनेत एक शब्द झाला नव्हता. भांडण नव्हतं हो, रीतच तशी होती. सासरा ओसरीवर आला की सुनेनं पदर पुढं ओढून भिंतीला लागून उभं राहायचं. सासऱ्याला चहा हवा झाला तर त्यानं बायकोला सांगायचं, आणि बायकोनं सुनेला. चहापुरती ही रीत बरी होती, पण फुटबॉल शिकवायचा म्हणजे कठीण काम.

शिकवणाऱ्याचीही एक गंमत होती. पुंजाराम बावीस वर्षं फौजेत काढून आला होता. पलटणीच्या फुटबॉल संघात आपण सगळ्यांत पुढं खेळायचो, असं तो पारावर बसून सांगायचा. संघाबरोबर तो गावोगाव फिरला होता, हे खरं. पण तो जायचा मध्यंतराला खेळाडूंना लिंबं कापून द्यायला. चेंडूला त्याचा हात लागायचा तो चेंडू गटारात पडला म्हणजे. ही गोष्ट गावात कुणालाच ठाऊक नव्हती, त्याच्या बायकोला, गोजरबाईलासुद्धा नाही. ती कुणाला कळू नये, एवढीच पुंजारामाची उरल्या आयुष्यातली इच्छा होती.

पण नगरहून पत्र आलं. देशभरातल्या महिलांसाठी फुटबॉलचा चषक सुरू होतोय, हरेल तो बाद, जिंकेल तो पुढं, तरी जिल्ह्यातून संघ पाठवावेत. ग्रामपंचायतीत पत्र वाचून झालं आणि सगळी मंडळी पुंजारामाकडं बघायला लागली. आता नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? ते साल दुष्काळाचं. गावाजवळ रस्त्याचं काम निघालं होतं आणि पुंजाराम तिथं मुकादम होता. खडी वाहणाऱ्या बायकांतून त्यानं दहाजणी निवडल्या. थोराड अंगाच्या रतनबाईला गोलात उभं केलं, कारण तिच्या दोन्ही बाजूंनी चेंडूला फारशी वाट उरत नव्हती. अकरावी मिळेना. तेवढ्यात एका संध्याकाळी चेंडू त्याच्याच अंगणात पडला, आणि सासरा घरात नाही असं समजून विजयमालेनं नऊवारीचा काष्टा सावरून त्याला अशी लाथ हाणली, की चेंडू गोठ्यावरून पलीकडच्या शाळेच्या पटांगणात गेला. पुंजाराम कणगीमागं उभा राहून बघत होता.

दुसऱ्या दिवसापासून कोरड्या पडलेल्या तळ्यात सराव सुरू झाला. एका कडेला पुंजाराम, मधे गोजरबाई आणि पलीकडं पदर ओढून सून.

"तिला सांग," पुंजाराम म्हणायचा, "चेंडू आला की लगीच मारायचा न्हाई. आधी डावीकडं बघायचं, मग उजवीकडं. दुश्मन कुठं हाय त्याचा अंदाज घ्यायचा. मग आपला मानूस हेरायचा आन् त्याच्याकडं द्यायचा."

गोजरबाई पलीकडं जाऊन सांगायची, "विजे, पळ म्हनत्यात."

"अगं, मी एवढं सांगितलं आन् तू येवढंच?"

"त्याचा अर्थ त्योच हुतो. पोरीला कशाला घोळात घेता?"

अर्थ तोच होतो की नाही हे पुंजारामाला तरी कुठं ठाऊक होतं?

देवाची कृपा अशी, की पहिल्या फेरीत समोरचा संघ आलाच नाही. आपल्या पोरी चार लोकांसमोर पळणार, हे त्यांच्या आईबापांना आदल्या दिवशी कळलं होतं. तिसगाव पुढं गेलं. दुसऱ्या फेरीतला संघ आला, पण सहाचजणी आल्या, कारण बाकीच्या पाचजणींची त्या लग्नसराईत लग्नं उरकली होती. सहाजणींत सामना धरत नाहीत, म्हणून तिसगाव आणखी पुढं गेलं. गावानं पुंजारामाला हार घातला. चेंडूला पाय न लावता आपण दिल्लीपर्यंत जाऊ, असं त्याला मनातून वाटायला लागलं आणि त्याची झोप सुधारली.

तिसऱ्या फेरीला मात्र पुण्याच्या कॉलेजच्या मुली नगरला वेळेवर हजर झाल्या. अकराच्या अकरा, वर चार जादा. जिंकणाऱ्याला पुढच्या फेरीला हैदराबादला जायचं होतं. दुष्काळी कामावरचा ट्रक मागून घेऊन सगळं तिसगाव मैदानावर आलं होतं. पुंजारामानं धोतर झटकलं, छाती काढली आणि पंच कोण आहे ते बघितलं. शिट्टी गळ्यात घालून उभे होते ते त्याच्याच पलटणीतले सुभेदार काकासाहेब. चौदा वर्षं पुंजारामानं त्यांना दर मध्यंतराला स्वतःच्या हातानं लिंबं दिली होती.

त्यानं टोपी कपाळावर ओढली, उपरणं तोंडाला गुंडाळलं आणि गोजरबाईच्या मागं उभा राहिला.

"काय झालं तुमास्नी?" गोजरबाईनं विचारलं.

"धूळ हाय."

खेळ सुरू झाला. काकासाहेब मैदानाच्या या टोकाला आले की पुंजाराम कडेकडेनं त्या टोकाला पळायचा, ते त्या टोकाला गेले की हा इकडं. काकासाहेबांनी ओळखलं नाही, पण दुसरंच विघ्न उभं राहिलं. पुंजाराम जिकडं जाईल तिकडं विजयमालेच्या समोर सासरा यायला लागला. चेंडू घेऊन ती सुसाट निघायची, समोर कडेला सासरा दिसला की जागच्या जागी थांबायची, पदर पुढं ओढायची आणि अंग चोरून उभी राहायची. पुण्याची मुलगी शांतपणे येऊन तिच्या पायातला चेंडू घेऊन जायची. असं चारदा झालं. चौथ्या वेळी तो चेंडू रतनबाईच्या दोन पायांमधून गेला आणि तिसगाववर गोल चढला.

"पोरगी थांबतीया का अशी?" पुंजाराम कळवळून म्हणाला. "तिला सांग, थांबू नको."

"ती तुमच्यामुळं थांबतीया," गोजरबाई म्हणाली. "तुमी कशाला कडंनं हिंडताय पिसाळल्यावानी?"

तेवढ्यात मध्यंतराची शिट्टी झाली.

बायका घामानं निथळत येऊन बसल्या. पुण्याच्या मुलींना कुणी तरी थर्मासमधून सरबत देत होतं. आपल्या बायका तिकडं बघत कोरड्या ओठांवरून जीभ फिरवताहेत, हे पुंजारामाला बघवेना. फुटबॉलमधलं एकच काम त्याला पक्कं येत होतं, आणि त्याची तयारी तो करून आला होता. त्यानं पिशवीतून लिंबं काढली, खिशातला चाकू काढला, तोंडावरचं उपरणं सोडून पुढ्यात अंथरलं आणि बसला. देठाकडून एक चीर, आडवी दुसरी, चाकूच्या टोकानं बिया बाहेर, वर चिमूटभर मीठ. हात असे चालायला लागले, की आपण कुठं आहोत याचं त्याला भानच राहिलं नाही.

"ही चीर मी हजारात वळखीन," मागून आवाज आला. "आरं, पुंजाराम लिंबूवाला ना तू?"

पुंजारामाचा चाकू थांबला. काकासाहेब आनंदानं सगळ्या गावाकडं वळून सांगायला लागले, "आमच्या संघाचा जीव हुता ह्यो. चेंडूला कधी पाय लावला न्हाई गड्यानं, पन लिंबू असं कापायचा, की आमी मध्यंतराची वाट बघायचो."

सरपंचांनी टोपी काढून परत घातली. पुंजारामाला वाटलं, धरणी दुभंगावी आणि ट्रकसकट आपल्याला पोटात घ्यावं. सगळ्यांत वाईट म्हणजे गोजरबाई त्याच्याकडं बघत होती.

"बावीस वर्सं?" तिनं विचारलं.

"चौदा. आधीची आठ भांडारात हुतो."

गोजरबाईनं त्याच्याकडं बघितलं, उपरण्यावरच्या फोडींकडं बघितलं. मग पदर खोचला.

"उठा. लिंबं घ्या आन् ट्रकच्या पलीकडं जाऊन बसा. तोंड रस्त्याकडं करून."

"अगं, पन संघाला सांगायचं कुनी?"

"आजवर कोन सांगत हुतं?"

पुंजाराम ट्रकच्या पलीकडं चाकाशी जाऊन बसला. त्याच्या आयुष्यात त्याचा म्हणून हा एकच सामना होता, आणि तो त्याच्या पाठीमागं चालू झाला. त्याला नुसते आवाज येत होते. आधी गोजरबाईचा, "विजे, आता कुनी न्हाई बग. पळ." मग पायांचे. मग एकदम आरडाओरडा. पण तो तिसगावचा की पुण्याचा, ते कळेना. वळून बघावं असं लाख वाटलं, पण बायकोनं रस्त्याकडं तोंड करायला सांगितलं होतं. पुंजारामाच्या डोळ्यांत पाणी आलं. लिंबाचं असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं आणि पुढचं लिंबू घेतलं. पुन्हा एकदा मोठा गलका झाला. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा पिशवीतलं एकही लिंबू कापायचं राहिलं नव्हतं.

बराच वेळ कुणी आलं नाही. मग ट्रकच्या कडेला पावलं वाजली आणि धुळीनं माखलेला लुगड्याचा काठ त्याला दिसला. विजयमाला पदर पुढं ओढून, जमिनीकडं बघत, ट्रकच्या फळीला लागून उभी होती. पुंजारामानं मान खाली घातली.

"मामंजी," ती म्हणाली. "हैदराबादला लिंबं जास्ती घ्या. तिकडं ऊन लई असतंय म्हनं."

पुंजारामानं सवयीनं इकडं तिकडं गोजरबाईला शोधलं. ती नव्हती. पलीकडं तिला दोघीतिघींनी उचललं होतं आणि ती खाली सोडा म्हणून ओरडत होती. मग त्यानं ट्रकच्या चाकाकडं बघत, चाकालाच विचारावं तसं हळूच विचारलं, "मीठ लावून का बिनमिठाची?"

"मीठ लावून," सून म्हणाली, आणि उपरण्यावरची एक फोड उचलून पदराआड चोखायला लागली.