खंड चौदा, पान दोनशे बारा

मंगळवारी सकाळी व्यायामबाई एका हाताने डबा भरत होत्या, दुसऱ्या हाताने फोन कानाशी धरून होत्या, आणि तेवढ्यात त्यांच्या तोंडून एक खोटं निसटलं.

व्यायामबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. मोठ्या इस्पितळात त्या फिजिओथेरपिस्ट होत्या, आणि एवढा लांबलचक शब्द गुडघा धरून आलेल्या पेशंटला उच्चारवत नसल्यामुळे त्यांचं हे नाव पडलं होतं. एका हातात ओझं घेऊन जिना चढणाऱ्यांच्या कंबरेवर त्या सहा वर्षं प्रबंध लिहीत होत्या. शुक्रवारी तोंडी परीक्षा होती. फोन मार्गदर्शक सरांचा होता. बाहेरून येणाऱ्या परीक्षकबाईंनी अचानक कळवलं होतं, की प्रबंधात ज्या ज्या लेखांचा आधार घेतलाय ते सगळे पूर्ण स्वरूपात आधी पाठवा. असे लेख होते एकशे अठरा.

"तो दूधवाल्यांचा लेख आहे ना तुमच्याकडे? सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे," सर म्हणाले. "पूर्ण वाचलाय ना?"

"हो सर," व्यायामबाई म्हणाल्या, आणि डब्याचं झाकण उलटं लावलं.

एकशे सतरा लेख त्यांनी खरोखरच वाचले होते. नोकरी, घर आणि दहावीतली मुलगी सांभाळून ते शक्य झालं होतं ते ग्रंथालयाच्या एका सोयीमुळे. संगणकावर लेखाचं नाव दिसलं की शेजारी एक छोटं बटण असे: पूर्ण लेख शोधा. ते दाबलं की एक चौकट उघडायची, आणि हा लेख अमक्या संग्रहात आहे, तमक्या नियतकालिकाच्या साइटवर आहे, असं अदबीनं सांगायची. तिथं बोट ठेवलं की लेख समोर हजर. भाजी फोडणीला टाकून बाईंनी जगभरच्या कंबरा वाचल्या होत्या. त्या बटणाचं त्यांना इतकं कौतुक, की नवरा एकदा म्हणाला होता, "माझ्याबद्दल इतकं चांगलं कधी कोणाजवळ बोलली नाहीस." तो ड्रायव्हिंग शिकवायचा; दिवसभर लोकांच्या चुका शांतपणे सोसायची त्याला सवय होती.

पण दूधवाल्यांच्या लेखापाशी बटणाचं काही चालत नव्हतं. खंड चौदा, पान दोनशे बारा. हा पत्ता सरांनी लिहिलेल्या जाड पुस्तकात होता, तिथून तो बाईंच्या प्रबंधात आला होता, आणि लेखाचा सारांशही दोन ओळींत त्याच पुस्तकातून आला होता: एका हातात क्रेट घेऊन जिने चढणाऱ्या दूधवाल्यांची कंबर कायमची वाकडी होते.

दुपारी दोन पेशंटच्या मधे बाईंनी पुन्हा प्रयत्न केला. पहिल्या दुव्यावर 'लेख सापडला नाही' असं आलं. दुसऱ्यानं पासवर्ड मागितला. सगळ्यात खाली एक ओळ होती: दुसऱ्या ग्रंथालयातून मागवा. बाईंनी ती दाबली. काहीच झालं नाही. पुन्हा दाबली. लिफ्ट येत नसली की आपण बटण दाबतच राहतो, तशा त्या दाबत राहिल्या. एकूण नऊ वेळा. मग पेशंट आत आला.

बुधवारी सकाळी ग्रंथालयाकडून उत्तर आलं. सोबत एक फाइल होती आणि तिचं नाव म्हणजे नुसते आकडे. बाहेर एक आजोबा खांदा धरून बसले होते, आत एक काकू पाय वर करून पडल्या होत्या. बाईंनी ती फाइल न उघडताच सरांकडे धाडली. सर गडबडीत होते. त्यांनी न उघडताच परीक्षकबाईंकडे धाडली. कामं कशी झटपट झाली असं दोघांनाही वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत बाईंनी चवीनं वाचावा म्हणून लेख उघडला. त्याचं नाव होतं: काच फुंकणाऱ्या कारागिरांच्या गालांचे स्नायू. बारा पानं. आकृत्यांसह. दुधाचा एक थेंबसुद्धा नव्हता.

डबा तसाच टाकून त्या ग्रंथालयात धावल्या. ग्रंथपाल किरकोळ अंगाचा, हळू बोलणारा माणूस होता. ती बटणाची सोय त्यानंच चालू केली होती, आणि गवयाला गळ्याचा असावा तसा त्याला तिचा अभिमान होता. बाईंना बघताच तो हसला आणि पडद्यावर त्यांच्या नऊ मागण्या दाखवल्या. त्या नऊ ग्रंथालयांत गेल्या होत्या. आठ ठिकाणांहून नकार आला होता. नवव्यानं लिहिलं होतं, की या खंडात पान दोनशे बारा नाहीच. पान बारावर एक लेख आहे, तो हवा असेल असं समजून पाठवत आहोत.

"बटण बिघडलंय का?" बाईंनी विचारलं.

"नाही हो. बटण बिचारं खोटं बोलत नाही," तो म्हणाला. "पण समजूनही घेत नाही. आपण जो पत्ता देऊ, तेच दार वाजवतं. पत्ता चुकला असेल तर ते काय करणार?"

त्यानं शोध लावला. मागच्या वीस वर्षांत चाळीस लेखकांनी या दूधवाल्यांचा दाखला दिला होता आणि चाळीसच्या चाळीस जणांनी खंड चौदा, पान दोनशे बारा असंच लिहिलं होतं. म्हणजे एकानं पाहिलं असेल-नसेल, बाकीच्यांनी उतरवलं होतं. बाईंचे कान गरम झाले. आपण एक्केचाळिसाव्या, हे त्यांनी मनातल्या मनात मोजलं.

ग्रंथपालानं जरा विचार केला आणि आतून मावशींना बोलावलं. मावशी एकतीस वर्षं तिथं पुस्तकं फडताळांवर लावत होत्या. जुने बांधीव खंड आता गावाबाहेरच्या गोदामात गेले होते, पण एके काळी त्यातला प्रत्येक त्यांच्या हातून वर गेला होता. चष्मा दोरीनं गळ्यात. लेखाचा पत्ता लिहिलेला कागद त्यांनी लांब धरून वाचला.

"चौदाव्या खंडाला दोनशे पानं?" त्या म्हणाल्या. "तो तर वहीएवढा होता. चार चार एकदम उचलायचे मी तसले."

"मग कुठला असेल मावशी?"

मावशींनी हाताचा पंजा उघडून हवेत काहीतरी तोलल्यासारखं केलं. दूधवाल्याचं चित्र होतं ना, त्यांनी विचारलं; जिन्यात उभा, टोपी घातलेला. तो खंड भलताच जड होता, मनगट धरायचं. त्या दिवशी त्या जिन्यात दम खायला थांबल्या, खंड उघडला, तर आत आपल्यासारखाच एक जण ओझं घेऊन जिन्यात उभा. म्हणून लक्षात राहिला. "एक्केचाळीस," त्या म्हणाल्या. "दोन भागांत बांधायला हवा होता, पण एकातच बांधला कोणीतरी."

ग्रंथपालानं १४ च्या जागी ४१ घातलं, वर्ष सुधारलं आणि बटण दाबलं. क्षणभरही न घेता लेख उघडला. पान दोनशे बारा. जिन्यात टोपीवाला दूधवाला. कोणीतरी कधीतरी आकडे उलटे लिहिले होते, आणि पुढच्यानं त्या उलट्या खंडाला शोभेल असं वर्षही नेटकेपणानं बसवून दिलं होतं.

ग्रंथपाल पडद्याकडे बघत नव्हता, मावशींकडे बघत होता. "एवढी वर्षं मी यंत्राला शिकवतोय," तो बाईंना हळूच म्हणाला, "पण वजनाचं कसं शिकवू?"

बाईंनी तिथंच बसून लेख वाचला. वाचता वाचता त्या ताठ झाल्या. दूधवाल्यांची कंबर वाकडी होत नव्हती. प्रत्येक मजल्यावर हात बदलणाऱ्या दूधवाल्यांची कंबर डेअरीत सगळ्यात ठणठणीत होती. दुखत होती ती टेबलाशी बसून क्रेट मोजणाऱ्यांची. बाईंच्या स्वतःच्या पाहणीतही हात बदलणारे पस्तीस जण असेच ठणठणीत निघाले होते. पण ते सरांच्या पुस्तकाशी जुळेना, म्हणून सरांच्या सांगण्यावरून पस्तीसही जणांना तळटीपेत कोंबलं होतं.

त्यांनी सरांना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं: लेख वाचला नव्हता, खोटं बोलले, पाठवलेला लेख भलताच आहे, आणि खरा लेख उलटंच सांगतो.

"त्यात," सरांनी अगदी सावकाश विचारलं, "नक्की काय काय म्हटलंय?"

त्या प्रश्नावरून बाईंना जे कळायचं ते कळलं. त्यांनी ते सरांना कळू दिलं नाही. मूळ लेख त्यांनी त्याच संध्याकाळी परीक्षकबाईंना पाठवला, सोबत चूक कबूल करणारं पत्र जोडलं. उत्तर आलं नाही.

शुक्रवारी नवरा सुट्टी काढून सोबत आला. दार बंद झालं तसा तो बाहेर बाकावर टेकला. आत परीक्षकबाई टेबलापलीकडे बसल्या होत्या. वयस्कर, करारी, पण चेहऱ्याची डावी बाजू किंचित उतरलेली. त्यांच्यापुढे दोन लेख होते. आधी दूधवाले निघाले. पत्र वाचलं, त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत हा लेख मुळातून वाचून मला पाठवणाऱ्या तुम्ही पहिल्याच. ती तळटीप वर घ्या, तिचं प्रकरण करा. प्रबंधाचा जीव तिथंच आहे. सरांनी खिडकीबाहेर बघत मान डोलावली.

मग त्यांनी दुसरा लेख पुढे ओढला.

"आणि हा काचवाल्यांचा. हा कोणी पाठवला?"

सरांनी घसा खाकरला. व्यायामबाईंनी डोळे मिटले.

"सहा महिन्यांपूर्वी माझा अर्धा चेहरा गेला," परीक्षकबाई म्हणाल्या. "बराच परतला, थोडा राहिलाय. गालाचे इतके व्यायाम केले, पण यातला पाचव्या पानावरचा मला कोणी सांगितलाच नव्हता. दोन दिवस करतेय. मला नीट जमतोय का, तेवढं बघता?"

सहा वर्षांची भीती बाजूला सारून व्यायामबाई उठल्या, कारण आता काम त्यांच्या हातचं होतं. परीक्षकबाईंची हनुवटी दोन बोटांनी धरून त्यांनी आकृती पाहिली. ओठ घट्ट मिटा, हवा डावीकडे न्या, मोजा दहा. असं, म्हणून स्वतः करून दाखवलं. पलीकडे सरांनीही, आपल्या नकळत, गाल फुगवले.

दाराला वर काच होती. बराच वेळ आतून आवाज येईना म्हणून नवरा टाचा उंचावून डोकावला, झटकन खाली बसला आणि आपल्या सासूबाईंना फोन लावला.

"निकाल काय लागला?" सासूबाईंनी विचारलं.

"ते कळलं नाही," तो दबक्या आवाजात म्हणाला. "पण आत जोरात बिनसलंय. कोणी कोणाशी बोलत नाहीये. तिघंही गाल फुगवून बसलेत."

"आणि आपली?"

"आपलीचे तर सगळ्यात जास्त फुगलेत."