बापू सबनीसांची निवांत वाट

कल्याण-शीळ रस्ता आडवा आला की बापू सबनीस सायकलवरून उतरत, सायकल खांद्यावर घेत आणि दोन्हीकडे बघत, धोतर सावरत रस्ता ओलांडत. पलीकडे मातीत सायकल अलगद टेकवत, धोतराच्या क्लिपा चाचपत आणि पुन्हा स्वार होत. त्या काळी त्या रस्त्यावरून तासाभरात एखादी एसटी नि दोन-चार मालट्रक गेले तरी पुष्कळ. पण मोटारीच्या रस्त्याला आपलं चाक लागू द्यायचं नाही, हा बापूंचा नेम. सोवळ्यातल्या माणसानं विटाळ टाळावा तशी त्यांची सायकल डांबर टाळत असे.

हे मी ऐकीव सांगत नाही. डोंबिवलीच्या आमच्या चाळीत बापू माझ्या शेजारच्याच खोलीत राहत. सरकारी कचेरीत कारकून, पन्नाशीला टेकलेले, आणि अंगानं इतके बारीक की त्यांच्या सदऱ्याला खुंटीवर नि बापूंवर सारखंच वाटत असावं. पत्नी, म्हणजे आमच्या माई वहिनी, चांगल्या उंचपुऱ्या, ठसठशीत, पण बोलायला अगदी कमी. मूलबाळ नाही. रविवार उजाडला की बापू डबा बांधून सायकलवर बाहेर पडत ते उन्हं कलल्यावर परतत.

बापूंना एक वाट हवी होती. मैलभर लांब, सपाट, सावलीची, आणि जिच्यावर माणूस म्हणून भेटणार नाही अशी. दोन वर्षं ते तिच्या शोधात होते आणि हे सगळ्या चाळीला ठाऊक होतं. ती कशाला हवी, हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आम्ही आपापल्या परीनं तर्क लढवले. कुणी म्हणे बापू संन्यास घेणार. कुणी म्हणे जमीन घ्यायचा विचार आहे. मी म्हणे डोक्यावर परिणाम झालाय, आणि माझंच म्हणणं चाळीत ग्राह्य धरलं जाई, कारण बातम्यांचं खातं माझ्याकडे होतं.

'निवांत' हा बापूंचा लाडका शब्द. जगात दोनच प्रकार, निवांत आणि गजबज. ठाणं म्हणजे गजबज. कल्याणचा बाजार म्हणजे शुद्ध गजबज. जोगळेकरांच्या घरची मुंज जेवून आले तेव्हा मी विचारलं, "काय बापू, कसा झाला समारंभ?" तर म्हणाले, "मठ्ठा निवांत होता."

अशा माणसाला रस्ता विचारू नये. जोगळेकरांच्या वसंतानं विचारला. त्याला कल्याणला मुलगी बघायला जायचं होतं. बापूंनी त्याला मोठ्या आपुलकीनं खाडीच्या बांधावरून, मिठागराच्या कडेनं आणि मग एका आमराईतून पाठवलं. "अर्धा तास जास्त लागेल, पण काय निवांत आहे रे!" वसंता मुलीच्या दारात पोचला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल आणि हातात एक वहाण. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली, त्याच्याकडे बघितलं आणि जी हसत सुटली ती थांबेना. लग्न ठरलं. पुढे बापू त्या जोडप्याकडे बघून म्हणत, "बघा, डांबरावरून गेला असता तर?"

गावोगावी मात्र त्यांची पंचाईत होई. कुठल्याही पाड्यावर सायकल टेकवून ते पहिला प्रश्न विचारत, "या वाटेनं दिवसाकाठी माणसं किती जातात हो?" लोकांना वाटे, सरकारी माणूस आला, रस्ता काढणार. एका पाटलानं त्यांना शहाळं पाजून हात जोडले, की साहेब, काय तो रस्ता माझं शेत सोडून न्या. दुसऱ्या एका गावात बापूंनी पुढचा प्रश्न विचारला, "आणि बायाबापड्या कोणत्या वेळेला जातात?" तिथे शहाळं मिळालं नाही. तिथून बापू आले ते कोपर सोलवटून घेऊन, आणि त्या गावाला त्यांनी कायमचं गजबज ठरवलं.

याच सुमारास त्यांनी आपली जुनी दणकट सायकल विकून बिनदांडीची, बायकांची म्हणतात तसली, सायकल आणली. मग काय, आमच्या गॅलरीला आयतंच सापडलं. "बापू, परकर कुठे ठेवलात?" मी वरून ओरडलो. चाळ खो खो हसली. बापूंनी शांतपणे घंटी पुसली आणि म्हणाले, "धोतराला सोयीची पडते." माई वहिनी दारात तांदूळ निवडत होत्या. त्या सूप उचलून आत गेल्या.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो. तासाच्या भाड्यानं सायकल घेतली आणि त्यांच्या मागे निघालो. सरळ रस्त्यानं झटपट होणारी मानपाड्याची मजल, आम्ही तीन शेतं, एक ओढा आणि एका म्हशीच्या गोठ्यातून केली. गोठ्याच्या मालकिणीनं बापूंना ओळख दिली, मला नाही. मानपाड्याच्या पुढे गेल्यावर मात्र मीदेखील सायकलवरून उतरून बघत राहिलो. डाव्या हाताला दाट झाडी, उजव्या हाताला पाण्याचा पाट संथ वाहतोय आणि मधून मऊ मातीची गाडीवाट सरळ लांबवर गेलेली. समोर मलंगगड. आवाज काय तो पाण्याचा नि पाखरांचा.

"निवांत," बापू कुजबुजले. देवळात गेल्यासारखे उभे होते.

आणि मग त्या गृहस्थानं सायकल वेडीवाकडी हाकून मुद्दाम कडेच्या गवतात अंग टाकून दिलं. मी धावलो. बापू गवतात उताणे पडून समाधानानं आकाशाकडे बघत होते. "लागत नाही," ते म्हणाले. "इकडच्या बाजूला तर गादी आहे गादी!" मग उठून त्यांनी पाटाच्या बाजूला पडून बघितलं. मी घरी येऊन गॅलरीत जाहीर केलं, की माझं निदान पक्कं झालं.

पण वाट सापडल्याचा आनंद त्यांना फार दिवस लाभला नाही. पावसाळा संपला आणि एका संध्याकाळी बापू उतरलेल्या चेहऱ्यानं आले. त्या वाटेच्या तोंडाशी खडीचे ढीग पडले होते आणि रोलर येऊन उभा राहिला होता. "दिवाळी झाली की काम सुरू," एवढंच बोलले. कुणाच्या आजारपणाची खबर द्यावी असा आवाज होता. मला हसू येत होतं ते मी कसंबसं दाबलं.

त्यानंतरच्या रविवारी मी मानपाड्याच्या पलीकडे एका ओळखीच्या माणसाकडे भाजी आणायला गेलो होतो. जवळचं म्हणून पाटाच्या वाटेनं परत निघालो. वळणावर येतो तर समोरून वहिनी. नऊवारीचा कासोटा घट्ट मारलेला, पदर कमरेला खोचलेला, आणि त्या सायकलवर! मागून बापू कॅरिअर धरून धापा टाकत पळताहेत.

"भावजी, बाजूला व्हा! मला थांबवता येत नाही हो!"

एरवी दिवसभरात चार शब्द न बोलणारी ही बाई इतक्या खणखणीत आवाजात ओरडली की मी भाजीसकट पाटात उतरलो. वहिनी माझ्या समोरून पुढे गेल्या, हँडल डुगडुगलं आणि त्या गवतात आडव्या झाल्या.

वहिनींनी उठून आधी पदर डोक्यावरून घेतला. चेहरा लाल झाला होता. बापू माझ्याजवळ आले आणि या माणसानं चक्क हात जोडले.

"चाळीत बोलू नका. माझं काय, मला हसतातच. तिला हसलेलं चालायचं नाही मला."

मग वहिनीच बोलल्या, मातीकडे बघत. "माहेरी तिन्ही भाऊ शिकले. मी सायकल धरून उभी राहायची. बाबा म्हणाले, पोरीच्या जातीला काय करायचीय? मग राहूनच गेलं. यांच्याजवळ एकदा बोलता बोलता बोलले, तर यांनी मनावरच घेतलं."

चाळीच्या अंगणात शिकवायची तर वर आमची गॅलरी होती. माझ्या पाटलोणीतून पाणी निथळत होतं आणि मला फार लाज वाटली. मी म्हटलं, "वहिनी, वळणावर मी उभा राहतो. कुणाला येऊ देत नाही. तुम्ही चालवा."

तेव्हापासून दर रविवारी मी त्या वळणावर पहारा केला. वहिनींना तोल जरासा साधू लागला होता. पण सायकलवर चढणं नि उतरणं जमत नव्हतं, आणि बापूंनी हात काढला की त्या खाली चाकाकडे बघत आणि पडत. दिवाळी झाली. सोमवारी खडी पसरायला सुरुवात होणार असं कळलं, तो शेवटचा रविवार.

नेमकी त्या दिवशी डोक्यावर पाटी घेऊन एक कोळीण आली. मी आडवा झालो.

"बाई, इकडून नका जाऊ. काम चाललंय."

"कंचा काम?" ती म्हणाली. "आमची वाट अरवाला तू कोन र? मना वारीवर जावाचं हाय, मासली विकाला." वाडीला ती वारी म्हणत होती.

मी काही बोलायच्या आत ती मला ढकलून पुढे गेली आणि थबकली. समोर वहिनी येत होत्या, मागे बापू. कोळणीनं पाटी खाली ठेवली. वहिनींनी तिला पाहिलं, घाबरल्या आणि मान खाली घातली. चाक वळवळलं. झालं, मला वाटलं, आता पडणार आणि पुन्हा कधी बसणार नाहीत.

"ए बाय!" कोळीण जोरात ओरडली. "खाली काय बगतंस? पुरं बग, पुरं, समोर! मी डोईवर पाटी घेऊन पायाकरं बगतंय का?"

वहिनींनी मान वर केली. समोर बघितलं. सायकल सरळ झाली. बापूंचा हात केव्हा सुटला ते वहिनींना कळलंच नाही. आमच्या समोरून त्या निघून गेल्या आणि झाडीआड दिसेनाशा झाल्या.

बापू वाटेच्या मधोमध उभे राहिले. छाती भात्यासारखी चालली होती. "परत येईल ना हो?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "बापू, जाणार कुठे?" तरी ते दोनदा पुढे गेले नि मागे आले. कोळीण पाटीशेजारी बसून मजेत त्यांच्याकडे बघत होती.

वहिनी परत आल्या. वेग कमी केला, पाय टेकला आणि एकट्या, धड उतरल्या. पदर कमरेलाच होता. घामानं कुंकू ओघळलं होतं. बापू काही बोलणार तोच त्या म्हणाल्या, "बसा मागं."

"कोण, मी? अगं, डबल सीट... पडशील."

"पडलो तर गवत आहे. बसा म्हणते ना."

बापू कॅरिअरवर बसले, पण पुढे तोंड करून बसायचं त्यांना सुचलंच नाही. वहिनींकडे पाठ आणि आमच्याकडे तोंड, दोन्ही हातांनी धोतर धरलेलं. सायकल आधी इकडे गेली, मग तिकडे, आणि मग पाटाच्या कडेनं नीट चालू लागली. बापू आमच्यापासून लांब लांब जात होते आणि रडत होते. कोळीण बघत होती, मी बघत होतो, आणि त्यांनी तोंड लपवलं नाही.