पाथ्रडकर सरांचा पाऊस

पाथ्रडकर सर भर मे महिन्यात रेनकोट घालायचे. आदिलाबादचा मे महिना म्हणजे सायकलची सीट दुपारी टेकू देत नाही. त्यात हा गृहस्थ गळ्यापर्यंत बटणं लावून, टोपी ओढून घराबाहेर पडायचा. नवा माणूस म्हणायचा, साहेबांना ऊन लागलंय. जुने म्हणायचे, चार वाजले.

कारण चार वाजता सर पाऊस पाडायचे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बेला गावाच्या पुढे, सागाच्या जंगलाला लागून आमचं वनसंशोधन केंद्र होतं. सर तिथले प्रमुख, मी कारकून. चहूकडे साग, तोही उन्हाळ्यात पानं टाकून उघडाबोडका. पण सरांनी सह्याद्रीतून सदाहरित झाडांची रोपं आणून, हिरव्या जाळीच्या मांडवात एक पावसाळी रान वसवलं होतं. वर पत्र्याचे डबे टांगलेले, त्यांना खिळ्याने पाडलेली भोकं. मी पंप मारायचा आणि सरांनी आत उभं राहून भिजायचं. याला संशोधन म्हणतात, अशी मी पंप मारता मारता स्वतःची समजूत घालायचो.

मांडवात उन्हाचं नाव काढायला बंदी होती. "झाडायले मालूम होऊ देऊ नका, आपन कोठी हावो ते," सर बजावायचे. यवतमाळकडचे असल्यामुळे एवढं शिकूनही त्यांची बोली घरचीच राहिली होती. एकदा हैदराबादहून मोठे साहेब तपासणीला आले. आत शिरताच मान पुसत म्हणाले, "बहोत गर्मी है." सरांनी अदबीने त्यांचा कोपर धरून त्यांना दाराबाहेर आणलं. "साब, ये बात यहाँ बोलिए." साहेब जे निघाले ते थेट जीपमध्येच जाऊन बसले. त्यानंतर आमच्या एकाही कागदावर वेळेत सही झाली नाही.

शाळांच्या सहली आल्या की सरांना चेव यायचा. बेल्लमपल्लीच्या खाणकामगारांची पोरं आली, तेव्हा त्यांना रानाच्या मधोमध बसवून सरांनी तोडक्यामोडक्या तेलुगूत सांगितलं, की तुमचे वडील जमिनीखालून जो कोळसा काढतात, तेही कधीकाळी असंच ओलं रान होतं. एका मुलीने हात वर केला. "सर, मग हे कधी जाळणार?" पोरं हसली. सर हसले नाहीत, आणि त्या दिवशी जेवलेही नाहीत.

मग एका वर्षी पावसाने तोंडच दाखवलं नाही. उन्हाळा लागला तशी आमची विहीर आटली. केंद्राचा टँकर गावाकडे वळवला, आणि ते बरोबरच होतं. रोपांची पानं मात्र कडेने वळू लागली. सरांना त्या रोपांखेरीज कोणी नव्हतं. बायको कोकणातली. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात ती इथे ऊन लागून गेली, तेव्हा सर जंगलात फिरतीवर होते. हे मला शिपायाने सांगितलं. सरांच्या तोंडून तिच्याबद्दल कधी अवाक्षर निघालं नाही.

पिण्याचं पाणी झाडांसाठी मागणार कसं? सरांनी धोंडी व्हायचं ठरवलं. पाऊस ओढ देतो तेव्हा गावातलं एखादं पोर कडुनिंबाचा पाला अंगाला बांधून दारोदार फिरतं, आणि बाया त्याच्या डोक्यावर पाणी ओततात. त्याला नाही म्हणत नाहीत. पन्नाशीचे सर रेनकोटावर सुतळीने पाला बांधून रोपांच्या मधोमध उभे राहिले, आणि मला गावात निरोप द्यायला धाडलं की यंदा धोंडी फिरणार नाही, तुम्हीच इकडे या. दारोदार तो निरोप सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाया आल्या. पदरात हसत, एकेक लोटा घेऊन. शेजारच्या वावरातल्या कौसाबाईने पहिला लोटा ओतला. सर डोळे मिटून उभे होते. पाणी त्यांच्यावरून ओघळत मुळांशी उतरत होतं. "रोज सांजच्याले आनत जाऊ," कौसाबाई म्हणाली.

तरीही रोपं गेली. पाण्याने भागण्यासारखं नव्हतंच, झळांनीच त्यांना जाळलं. मी आत डोकावलो तर सगळी काळी पडलेली. बाया मात्र रोज लांबच्या विहिरीवरून परतताना यायच्या. सर दार लोटून बाहेर उभे असायचे. कोणाला लेकीचं विचारायचे, कोणाला गुडघ्याचं. लोटे घेऊन आत जायचे आणि मागच्या दाराने जाऊन ते पाणी गुरांच्या हौदात ओतायचे. दुष्काळात हे नाटक मला सहन होईना. एका संध्याकाळी मी कौसाबाईला वाटेत गाठलं आणि सगळं सांगून टाकलं.

ती थांबलीसुद्धा नाही. "मालूम हाये, बापू. त्या हौदावर आमच्याच म्हशी पेतेत थे पानी."

"मग येता काऊन?"

"दिवसभर कोनासंगं बोलत असन थो? पानी घेऊन गेलो का थो दोन गोष्टी करते."

कौसाबाई मांडवाकडे वळली. सर दारात उभेच होते. त्यांनी तिला लांबूनच ओळखलं आणि दोन्ही हात पुढे केले.