आपटून बघणारे कांबळे सर

नवा शब्दकोश हाती आला की कांबळे सर तो आधी जमिनीवर आपटायचे. उघडायचे नंतर. "कोश पोरांच्या हातनं पडणारच," ते म्हणायचे, "पडून टिकला तर वाचू की."

सर आमच्या कॉलेजचे ग्रंथपाल, मी त्यांचा सहायक. नव्वदच्या दशकात कोल्हापुरातून ते ग्रंथपालांसाठी एक त्रैमासिक काढायचे. त्यात कथा-कविता काही नाही. फक्त कोश, नकाशे आणि संदर्भग्रंथांची परीक्षणं. "अक्षर मुंगीएवढं हाय, चष्मेवाल्यांनी घेऊ नये," असं ते छापायचेसुद्धा. मी ते शुद्ध करून लिहिलं की सर पुन्हा कोल्हापुरी करायचे.

एकदा पुण्याहून एक प्रकाशक आपला ज्ञानकोश घेऊन आले. त्यांनी सरांना तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं जेवण घातलं. सर मनापासून जेवले, हात धुतले आणि हॉटेलातच कोश आपटला. पुठ्ठा एकीकडं, पानं दुसरीकडं. पुढच्या अंकात छापून आलं : "जेवण झकास. शिलाई कच्ची." प्रकाशक बरेच दिवस रुसले, मग शिलाई पक्की करून त्यांनी नवी आवृत्ती पाठवली.

परीक्षणाला आलेले कोश सर स्वतःकडं ठेवत नसत, खेड्यातल्या वाचनालयांना देत. असेच एकदा आम्ही एसटीनं चंदगडकडच्या एका गावी गेलो. वाचनालयात पोरं जमली. सरांनी कोशात शब्द कसा हुडकायचा ते दाखवलं आणि प्रत्येकाला आपापल्या नावाचा अर्थ काढायला सांगितलं. नुसता गलका उडाला. एक मुलगी मात्र मागं भिंतीला टेकून उभी होती. सरांनी नाव विचारलं, तर हळूच म्हणाली, "नकुशी."

पोरं हसली. मुलीवर मुलगी झाली, नकोशी झाली, की आमच्याकडं असं नाव ठेवत. सर हसले नाहीत. तिला घेऊन ते तिथंच भिंतीपाशी जमिनीवर बसले आणि कोश तिच्या मांडीवर ठेवला.

"माझ्या थोरल्या भनीचं बी ह्येच नाव हुतं," ते म्हणाले. "तिला वाचाय येत न्हवतं. दुसरं नाव हुडकायचं ऱ्हाऊनच गेलं. तुला येतंय. बस निवांत, आवडंल ते काढ."

परतीची एसटी निघून गेली, तरी सर जागचे हलले नाहीत. मुलगी पानं उलटत राहिली. शेवटी तिनं एका शब्दावर बोट ठेवलं आणि सरांच्या सांगण्यावरून अर्थ वाचला : "मंजिरी. तुळशीचा तुरा."

सर उठले. साऱ्या वाचनालयाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मंजिरी, चल, पुढं येऊन बस."

पोरांनी सरकून तिला जागा दिली.