डॉक्टरकाकांचे गुडघे

डॉक्टरकाका कुणाच्याही घरी आले की आधी जिना चढतात. चपला काढतात, "आलोच" म्हणतात आणि थेट माळ्यापर्यंत जाऊन येतात. मग पाणी. आमच्या या डच गावातली, उइटहॉर्नमधली, घरं अरुंद, जिने शिडीसारखे उभे. आमची पोरंसुद्धा कठडा धरून उतरतात. ऐंशी ओलांडलेले काका मात्र कठड्याला हात न लावता खाली येतात आणि निकाल देतात, "बरा आहे. आमच्या गावच्या मानाने काहीच नाही." माझ्या माळ्यावरचे वाळत घातलेले कपडे आणि सगळा पसारा त्यांनी असाच पहिल्या भेटीत पाहिला.

'आमचं गाव' म्हणजे मिरज, असं मी बरेच दिवस समजत होते. जन्म मिरजेचाच. पण काकांचं गाव वेल्समध्ये, दोन डोंगरांच्या बेचक्यात, कोळशाच्या खाणीचं. तरुणपणी तिथे डॉक्टर म्हणून गेले ते तिथलेच झाले. काकू गेल्यावर लेकीने, मुग्धाने, त्यांना इकडे आणलं. गणपतीत आम्ही सगळे पुण्याच्या आठवणी काढून हळवे होतो, तेव्हा हे मोदक फोडत सांगतात, "आमच्या गावात हॉल होता. खाणकामगारांनी आपल्या पगारातून बांधलेला. वाचनालय, गाण्याची तालीम, सगळं तिथेच!" या सपाट देशाला ते 'ताट' म्हणतात.

त्या गावात म्हणे निम्मे लोक जोन्स. म्हणून प्रत्येकाला कामावरून नाव. जोन्स दूध, जोन्स पाव. आमच्या इथल्या मराठी मंडळात जोशी तीन. काकांनी लगेच बारसं उरकलं. सायकली, म्हणजे इथल्या भाषेत फीट्स, दुरुस्त करणारा तो जोशी फीट्स, नगरपालिकेच्या, म्हणजे खेमेन्तेच्या, चकरा मारून देणारा जोशी खेमेन्ते, आणि मी जोशी चकली. मी आयटीत नोकरी करते हो, चकली फक्त दिवाळीत! पण ऐकतो कोण? आता नवराही तेच म्हणतो.

"आणि तिथे तुमचं नाव काय होतं, काका?" मी एकदा विचारलं.

"डॉक्टर."

"नुसतं?"

"नुसतं. पाहुण्याला कोण नाव ठेवतंय?" एवढं बोलून ते माझा जिना पुन्हा चढायला गेले.

यंदा तो बंद पडलेला हॉल दुरुस्त झाला. गावच्या जुन्या वस्तूंचं दालन तिथे उघडायचं ठरलं आणि काकांना आमंत्रण आलं. मुग्धा तिकिटं काढायला बसली, तर हे म्हणाले, "नको. गुडघे."

गुडघे! अख्ख्या उइटहॉर्नचे जिने पालथे घातलेले गुडघे! मला हसू आलं आणि मग वाईट वाटलं. माणूस घाबरला होता. ज्या गावाचे एवढे गोडवे गायले, त्या गावाला आपण आठवतच नसलो तर?

उद्घाटनाच्या दिवशी मुग्धा कामात अडकली, म्हणून व्हिडिओ कॉल लावून द्यायला मी गेले. काका टाय लावून बसले होते. पलीकडे मेगनबाई, एका खाणकामगाराची लेक, फोन धरून दालन दाखवत होती. खाणीतले दिवे, जेवणाचे डबे, गाण्याच्या पथकाचे फोटो. मग एक भिंत, नुसती टोपणनावांची. काका पुढे झुकले. चष्मा पुसला. एकेका नावावरून नजर फिरवू लागले.

मला राहवेना. "आणि आमच्या डॉक्टरांचं?"

मेगनबाई हसायलाच लागली. "आहे ना! डॉक्टर स्टेप्स. सगळं गाव म्हणायचं. पण त्यांच्या तोंडावर म्हणायची टाप कुणाची?" मग ती सांगू लागली. "माझे बाबा, त्यांचे मित्र, सगळ्यांच्या छातीत कोळशाची धूळ. आमच्या गल्लीला नुसत्या पायऱ्या. दवाखान्यात उतरले की परत चढवायचं नाही. डॉक्टरांनी त्यांच्यातल्या एकालाही कधी खाली बोलावलं नाही. स्वतः चढून यायचे. पावसात, बर्फात, कधीही."

फोन भिंतीजवळ गेला. नाव होतं. जोन्स दूधच्या शेजारीच.

काकांनी टायची गाठ सैल केली, परत घट्ट केली. डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. माझंही तेच.

"मग येणार कधी?" मेगनबाईने विचारलं. "आणि गुडघे कसे आहेत तुमचे?"

काकांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"गुडघ्यांना काय धाड भरलीये?" ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात येतो. आणि सोबत जोशी चकलीला आणतो. तिला म्हणावं, बघ, याला म्हणतात जिना."